दगडाचं वय आलं, ताई

ताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांनी तुला 'बिचारी, बिचारी' म्हणून माझं डोकं उठवलं. बिचारीची पीएचडी राहिली. बिचारीने लग्न केलं नाही. बिचारी उन्हातान्हात दगड फोडत फिरली, आणि शेवटी हाती काय लागलं? मी सगळ्यांना चहा दिला आणि खाली मान घालून 'हो ना' म्हटलं. दुखवट्याच्या घरात भांडू नये असं आईने शिकवलंय, नाहीतर एकेकाची हजेरीच घेतली असती. आता सगळे आपापल्या घरी गेलेत, शेजारचे कापडाचे लूम पुन्हा सुरू झालेत आणि मला कुणाशी तरी बोलायचंय. तुझ्याशीच बोलते. जन्मभर तुझ्याशी भांडायची सवय लागलीय, ती एवढ्यात कशी सुटेल?

खरं सांगू? तू गेलीस म्हणून रडू येतं. भांडी घासताना येतं, हॉस्पिटलमध्ये चादरी मोजताना येतं. पण त्या रडण्याच्या खाली हायसं वाटतंय. इतकं हायसं की मलाच लाज वाटते. तू ज्या एका प्रश्नापायी इतकी वर्षं आतल्या आत कुढत होतीस, तो बरोबर घेऊन गेली नाहीस. हे नातेवाइकांपुढे बोलायची सोय नाही. बहीण गेली आणि हिला हायसं वाटतंय म्हणे!

तू एम.एस्सी. होऊन पीएचडीला लागलीस तेव्हा मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. तरणी पोर हातोडा घेऊन एकटी माळावर फिरणार, हे आईला काही पटेना. म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी तुझ्यामागे माझी ड्युटी लागली. डबा माझ्याकडे, पाण्याची बाटली माझ्याकडे आणि परतताना दगडांची पिशवीही माझ्याचकडे. कोन गावच्या स्टॉपवर ती पिशवी उचलून एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला होता, "बाई, सोनं आहे का काय आत?" मी म्हटलं, "सोनं असतं तर रिक्षाने गेलो नसतो का?" तू खिडकीशी बसून हसत होतीस आणि पिशवी माझ्या पायावर होती.

आणि ते तुझं चाटणं! दगड फोडायचा, ताज्या बाजूवर फुंकर मारायची आणि सरळ जीभ लावायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चूळ भरायला पाण्याची बाटली पुढे केली. "ओला झाला की कण दिसतात, बेबी," तू म्हणालीस. "चमकले तर दगड ताजा. मिणमिणले तर आतून कुजलेला. भूगर्भवाले सगळेच चाटतात." मी म्हटलं, "म्हणजे तुमचा अख्खा धंदाच उष्टा!" दर वेळी निघताना मी तुला धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून द्यायचे. ते तू एकदाही घेतलं नाहीस.

तुझा प्रश्न तसा सोपा होता. म्हणजे तू सोपा करून सांगितलास म्हणून मला सोपा वाटला. आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. माहुलीच्या कड्यावर बघितलं तर त्याचे थर भाकऱ्यांची चवड ठेवावी तसे आडवे दिसतात. पण तेच थर खाडीकडे, समुद्राकडे यायला लागले की कलतात, वाकतात. म्हणजे कधीतरी ही अख्खी किनारपट्टी समुद्राकडे झुकली. तिकडे खोल खोरं खचत गेलं, इकडे डोंगर झिजत राहिला आणि डोंगराची माती त्या खोऱ्याच्या तळाशी जाऊन बसली. हे झुकणं कधी झालं? लाव्हा थिजल्याबरोबर, का फार फार नंतर? एवढंच तुला हवं होतं. मी म्हणायचे, "झुकली तर झुकली. आता काय सरळ करायचीय?"

त्याचं उत्तर खारबावच्या पलीकडे, गणपतदादा पाटलांच्या शेताच्या कडेला उभं होतं. शब्दशः उभं होतं. कललेल्या थरांना मधोमध चिरून खालून वर आलेली काळ्या दगडाची ताठ भिंत. तुम्ही तिला डाइक म्हणता. थर कललेले, भिंत मात्र सरळ. म्हणजे थर आधी कलले आणि भिंत नंतर घुसली. भिंतीचं वय कळलं तर त्याच्या आधी जमीन झुकली हे पक्कं. तू तिथे शेताच्या बांधावर नाचलीस. खोटं नाही सांगत, खरंच नाचलीस, आणि मी पाटलांच्या म्हशीकडे बघत बसले, तिनेही मान वळवली होती.

अडचण एकच होती. त्या भिंतीचा जो भाग टेकडीवर ताजा, टणक, उघडा होता, तो गावाचा देव होता. वरपासून खालपर्यंत शेंदूर, समोर नारळाच्या शेंड्या. आणि तू खालच्या दगडाला जीभ लावत असतानाच गणपतदादा हातात विळा घेऊन आले.

"आगो, ही पोर दगड चाटते! येडी हाय का काय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पन तसलीच हाय का?"

"मी नाही हां तसली," मी घाईघाईने म्हटलं. "मी फक्त डबा घेऊन येते."

तू त्यांना अर्धा तास समजावलंस. जमीन कशी झुकली, भिंत कशी आली, हातांनी करून दाखवलंस. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला पायजे तिथं फोड. पन देवाला हातोडा लावायचा न्हाय. त्यो आमच्या आज्याच्या आज्यापासून हाय."

"नाही लावणार, दादा," तू म्हणालीस. "शब्द देते."

शब्द द्यायची काय घाई होती गं? आपल्या घरात बुद्धाची तसबीर, शेंदराचा आणि आपला काही संबंध नाही. पण तू दिलास. मग टेकडीच्या पायथ्याशी, जिथे पावसाळ्यात पाणी झिरपतं, तिथला नमुना घेतलास. चाटलास. तुझा चेहरा मला अजून आठवतो. "चमकत नाही गं," तू पुटपुटलीस. पण तुझ्या पीएचडीच्या सरांना घाई होती. प्रयोगशाळेत पाळी लागली होती, ती हुकली तर पुन्हा वर्ष जाणार होतं. दगड गेला.

वय कसं काढतात ते तू मला आपल्या स्वयंपाकघरात शिकवलंस. दगडात पोटॅशियम असतं, त्यातला काही भाग फार सावकाश आरगॉन वायू होत राहतो. लाव्हा पातळ असतो तोवर वायू उडून जातो. दगड थिजला की तो आत कोंडायला लागतो. किती कोंडलाय ते मोजा, वय आलं. पण दगड कुजला तर वायू हळूच निसटतो आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या केसपेपरसारखंच. बायका पाच-सात वर्षं चोरतातच." हे तुला इतकं आवडलं की पुढे तू वर्गातही तसंच सांगायला लागलीस, माझं नाव न घेता.

आणि वय आलं ते भलतंच तरुण. आजूबाजूचा लाव्हा सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, आणि ही भिंत त्याच्या निम्म्या वयाचीसुद्धा नाही. तुझे सर हरखले. सर वाईट नव्हते, हे तूच नेहमी म्हणायचीस. त्यांना वाटलं मोठा शोध लागला. म्हणजे या भागातली आग फार उशिरापर्यंत धुमसत होती, जमीनही केव्हातरी उशिरा झुकली असेल, डोंगराचा सगळा इतिहास नव्याने लिहायचा. लेखावर तुझं नाव पहिलं घालायला ते तयार होते. तू म्हणालीस, "सर, दगड चमकत नव्हता." ते म्हणाले, "मग त्या देवाचा टवका काढून आण. कोण बघतंय?" तू तेही करेनास. एकतर हा आकडा छापायचा, नाहीतर टवका आणायचा. तू दोन्हीला नाही म्हणालीस आणि प्रबंध तिथेच अडकला तो अडकलाच. मग तू इथे आपल्या भिवंडीतच कॉलेजात शिकवायला लागलीस.

त्यावरून मी तुझ्याशी किती भांडले असेन! कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसूनसुद्धा.

"बोटाएवढा टवका, ताई. देवाला कळलंही नसतं. आणि तुझा तर देवावर विश्वासच नाही."

"माझा नाही. दादांचा आहे. शब्द मी देवाला दिला नव्हता, दादांना दिला होता."

"मग दादांनी दिली का तुला पीएचडी?"

तू कुकर लावायला उठायचीस. मला वाटायचं मी जिंकले.

मला फार उशिरा कळलं की तुझं दुखणं ते नव्हतंच. शब्द पाळल्याचं तुला कधी वाईट वाटलं नाही. तुला आतून खात होती ती शंका. समजा तो आकडा खराच असेल तर? समजा दगड कुजका असूनही वय बरोबरच असेल, भिंत खरोखरच तरुण असेल, तर तू एक खरा शोध केवळ जिभेच्या भरवशावर नाकारलास. सरांचाही घात केलास आणि स्वतःचाही. हे तू मला सांगितलंस ते गणपतदादा आपल्या घरी येऊन गेल्यावर, दोनेक वर्षांनी.

नव्वद साल उलटून गेलं होतं तेव्हा. दादांनी शेतात विहीर खणायला घेतली, आणि सुरुंग लावल्यावर खाली तीच काळी भिंत लागली. पावसापाण्यापासून लांब, खोल. माणसाने काय करावं? विहीर तशीच सोडून एक मोठा दगड गोणपाटात बांधला आणि तू दिलेला पत्ता घेऊन एसटीने भिवंडीला आले. दारात उभे राहून घाम पुसत म्हणाले, "ताई, ह्यो देव न्हाय. देवाच्या पायाखालचा हाय. ह्यो फोड तू."

तू तिथेच उंबऱ्यात बसून फोडलास. चाटलास. आणि काय चमकला, ताई! साखर सांडावी तसे कण. दादा हसले, मी हसले. तू एकटी हसली नाहीस.

मला वाटलं उद्याच पाठवशील. तू तो ओट्याखाली ठेवलास, तांदळाच्या डब्याच्या मागे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. झाडू मारताना माझ्या पायाला तो लागायचा आणि मी शिव्या घालायचे. शेवटी एकदा विचारलं, "पाठवत का नाहीस?" तेव्हा तू म्हणालीस, "आणि तेच वय आलं तर, बेबी? आज निदान माहीत नाही असं म्हणता येतं." त्यानंतर मी तुझ्याशी त्या विषयावर भांडले नाही. भांडायला काही उरलंच नव्हतं.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. रिपोर्ट मी वाचले, मला कळायचं ते कळलं, तुलाही कळलं. घरी आल्यावर तू पहिलं वाक्य काय बोललीस? "तो दगड शैलाला पाठव." शैला तुझी कॉलेजातली मैत्रीण, आता प्रयोगशाळेत मोठ्या जागेवर. तिने सांगितलं की आता नवी रीत आलीय. दगड आधी अणुभट्टीत ठेवतात, मग थोडा थोडा करून तापवतात आणि दर टप्प्याला वायू मोजतात. मधे कुठे वायू निसटला असेल तर लबाडी उघडी पडते. "वेळ लागेल," ती म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की वेळच तर नाहीय. माझी हॉस्पिटलात आयुष्यभर हीच नोकरी, लोकांना सांगायची की धीर धरा. त्या महिन्यांत मला एकदाही तो शब्द उच्चारवला नाही.

फोन आपल्याकडे नव्हता. शेजारच्या लूमवाल्या चाचांचा नंबर शैलाला दिला होता. दुपारची शिफ्ट चालू होती, तू खिडकीशी पडून होतीस आणि चाचांनी गल्लीतून हाक मारली, "बेबी, फोन आया, जल्दी!" मी धावले. रिसीव्हर कानाला लावला तर खडखडाटात काही म्हणजे काही ऐकू येईना. मी ओरडतेय, शैला ओरडतेय. चाचांनी माझं तोंड बघितलं आणि आत जाऊन हात वर केला. "मशीन बंद करो! सब बंद करो भाई!" एकेक करून सगळे लूम थांबले. ताई, भरदिवसा आपल्या गल्लीत एवढी शांतता शुक्रवारची सुट्टी सोडून मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेवरूनच तुला समजलं, हे तू नंतर सांगितलंस. तू गज धरून उठून बसली होतीस.

शैलाने वाक्य पुरं करायच्या आत मी बाहेर पळाले. भर गल्लीत, पदर कुठे, चप्पल कुठे. "जुना आहे, ताई! लाव्हाच्या जवळपास तेवढाच जुना! वायू कुठेही निसटलेला नाही!"

लूमवरची माणसं दारात आली. एकाने विचारलं, "क्या हुआ? रिश्ता पक्का हुआ क्या?" चाचा म्हणाले, "नहीं रे, पत्थर की उमर निकली." "कितनी?" मी सांगितली. तो म्हणाला, "फिर तो हमारे लूम अभी जवान हैं, सेठ!" सगळे हसले, मशीन सुरू झाली आणि मी घरात आले.

तू रडत होतीस. तोंडाने एकच चाललं होतं, "सुटले गं बाई, सुटले." मी पहिल्यांदा घाबरून नाडी बघितली. मग मीही रडले. किती वेळ ते आठवत नाही, दूध उतू गेलं एवढं आठवतं.

म्हणजे जमीन झुकली ती फार आधी, लाव्हा थंड होता होताच. डोंगर आणि समुद्राचं खोरं एकाच घाईत जन्माला आले. हे तू मला त्या संध्याकाळी दोन उशांना टेकून समजावलंस, पुन्हा हातांनी करून. हात काटकुळे झाले होते, पण झुकणारी जमीन अगदी तशीच दाखवलीस. त्या रात्री तुला गोळीशिवाय झोप लागली. पुढचे काही आठवडे दुखणं तेच होतं, पण माणूस वेगळं होतं. पेज मागून घ्यायचीस. माझ्या केसांच्या अंबाड्याला नावं ठेवायचीस.

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी म्हणत होते सरांना कळव, आत्ता कळव, तोंडावर सांग. तू म्हणालीस, "आता थकलेत ते. आणि त्यांचा आकडा खोटा नव्हता गं. दगड कुजला होता, एवढंच." मी म्हटलं, "फार साधू झालीस." तू म्हणालीस, "उद्या बोलू." ते उद्या तसंच राहिलं. मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, पण पत्र लिहिणार नाही. तुझ्याविना जिंकण्यात काय गंमत?

आणि एक मी कधीच बोलले नाही. माळावरचे ते सुट्टीचे दिवस मला आवडायचे. आईने पाठवलं म्हणून येते, असं मी तोंड वाकडं करून सांगायचे, पण आदल्या दिवशीच डब्यात काय न्यायचं ते ठरवून ठेवायचे. तुला माहीत असेलच. मोठ्या बहिणींना सगळं माहीत असतं, असं तूच म्हणायचीस.

काल मी खारबावला जाऊन आले. तुझ्या दगडाचा उरलेला तुकडा पिशवीत होता. तिकडे काल्हेरच्या बाजूला गोदामं उठायला लागलीत, भरावासाठी टेकड्याच्या टेकड्या खरवडून नेल्यात. मला भीती वाटत होती. पण दादांच्या शेताच्या कडेची टेकडी जागच्या जागी आहे. देव आहे म्हणून कुणी हात लावला नाही. तुझी भिंतही त्याच्याबरोबर वाचली. आपल्या भांडणात हा मुद्दा तुला सुचला असता तर मी केव्हाच गप्प बसले असते.

एके काळी मी ठरवलं होतं की दादांना एकदा सुनवायचं, तुम्हाला दिलेल्या शब्दापायी माझ्या बहिणीचं काय झालं ते. काल ते समोर आले. म्हातारे झालेत, काठी आलीय. तू गेल्याचं सांगितलं तर काठी टेकवून विहिरीच्या कठड्यावर बसले. मग विचारलं, "ताईचं ते काम झालं का गो? त्या दगडाचं?"

माझ्याकडे सुनवायला काही उरलं नव्हतं. "झालं, दादा," मी म्हटलं. "तुमच्या दगडानेच झालं. तिच्या डोळ्यांदेखत झालं."

त्यांनी डोळे पुसले आणि तुकडा मागितला. उन्हात धरून उलटसुलट केला. म्हणाले, "ह्यात काय दिसतं तुमाला? काळाच तर हाय."

"असं नाही दिसत, दादा," मी म्हटलं. दगड त्यांच्या हातातून घेतला, फुटलेली बाजू बघितली, फुंकर मारली आणि जीभ लावली. खारट, थंड, मातकट. मग त्यांच्यापुढे धरला. सगळे कण लखलखत होते, ताई.

दादा एकदा दगडाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग घराकडे तोंड करून त्यांनी सुनेला हाक दिली, "आगो, पानी आन लवकर! ताईची बहीन आलीय. ही पन तसलीच निघाली!"